बाण कुठून निघतो, ते आधी बघा

सेंद्रिय रसायनशास्त्राचा पहिला तास झाला की कोणीतरी हमखास टेबलापाशी येऊन विचारतं, "मॅडम, यातलं पाठ किती करायचं?" प्रश्न प्रामाणिक असतो. पुस्तक चाळलं की नावंच नावं दिसतात. वुर्ट्झ, मार्कोव्हनिकॉव्ह, सेत्झेफ, कॅनिझारो, फ्रीडेल-क्राफ्ट्स. प्रत्येक नावामागे एक रिॲक्शन, तिचा एक अभिकारक आणि वर तापमानाची नाहीतर उत्प्रेरकाची एखादी अट. मुलं रंगीत पेनांनी तक्ते करतात, अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवतात, आणि तरी सहामाहीला गोंधळ व्हायचा तो होतोच.

माझं उत्तर ठरलेलं आहे. पाठ करण्यासारखं यात थोडंच आहे, पण तेवढं पक्कं हवं. बाकीचं बहुतेक सगळं एका प्रश्नातून निघतं: या रेणूत इलेक्ट्रॉन कुठे जास्त आहेत आणि कुठे कमी?

हा प्रश्न पुस्तकांत बऱ्याचदा उशिरा येतो, आणि त्याला कारण आहे. विषय ज्या क्रमाने उलगडत गेला, साधारण त्याच क्रमाने आपण तो शिकवतो. कार्बन चार बंध करतो आणि कार्बनला कार्बन जोडत लांब साखळ्या होतात, हे केकुले आणि कूपर यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडलं १८५८ मध्ये. मार्कोव्हनिकॉव्हचा नियम १८७० चा, सेत्झेफचा १८७५ चा. आणि जे. जे. थॉमसन यांना इलेक्ट्रॉन सापडला १८९७ मध्ये! बंध म्हणजे दोन अणूंनी वाटून घेतलेली इलेक्ट्रॉनची जोडी, हे लुईस यांनी सांगितलं १९१६ मध्ये. ती जोडी कुठून कुठे सरकते हे दाखवणारा वक्र बाण रॉबिन्सन यांच्या लेखनात आला तो १९२२ मध्ये.

म्हणजे ज्यांच्या नावाचे नियम तुम्ही घोकता, त्यांच्यातल्या कित्येकांना इलेक्ट्रॉन ठाऊकच नव्हता. परीक्षानळीत काय घातलं आणि काय मिळालं, एवढ्यावरून त्यांनी नियम बांधले, आणि ते टिकले. या माणसांबद्दल मला अपार आदर वाटतो. पण त्यांच्याजवळ नियम होता आणि कारण नव्हतं. तुम्हाला कारणही मिळालेलं आहे. मग सुरुवात तिथूनच का करू नये?

माझ्या वर्गात पहिला आठवडा फळ्यावर एकही रिॲक्शन नसते. मॉडेलचे डबे वाटते. काळा गोळा कार्बनचा, पांढरा हायड्रोजनचा, तांबडा ऑक्सिजनचा, निळा नायट्रोजनचा. ही रंगांची पद्धत जुनी आहे. हॉफमन यांनी १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्याख्यान देताना क्रोकेच्या खेळातले चेंडू रंगवून रेणू उभे केले होते, तेव्हाही कार्बन काळा आणि ऑक्सिजन तांबडाच होता. काळ्या गोळ्याला चार भोकं, तांबड्याला दोन, पांढऱ्याला एक. मी एवढंच सांगते: दोन काळे, सहा पांढरे, एक तांबडा घ्या. एकही भोक रिकामं ठेवू नका. काय काय जमतं ते मला दाखवा.

वर्ग दोन तटांत विभागतो. काहींचा ऑक्सिजन टोकाला लागलेला असतो, त्याच्या पलीकडे एक हायड्रोजन. काहींनी तो दोन कार्बनांच्या मधे बसवलेला असतो. कोणीतरी तिसरा प्रकार सापडल्याचं जाहीर करतं. मग शेजारचं कोणी ते मॉडेल हातात घेतं, एका बंधाभोवती जरा फिरवतं आणि तो पहिलाच प्रकार निघतो. एकेरी बंधाभोवती रेणू फिरू शकतो, ही गोष्ट त्या क्षणी बोटांना कळते. ती पुन्हा सांगावी लागत नाही.

आता या दोन रेणूंकडे नीट बघा. अणू तेच, तितकेच, वस्तुमानही सारखंच, ४६. पहिला इथेनॉल, तो ७८ अंश सेल्सिअसला उकळतो. दुसरा डायमिथाइल ईथर, तो उणे २४ अंशांना उकळतो, म्हणजे नेहमीच्या तापमानाला वायूच असतो. शंभर अंशांहून जास्त फरक, आणि तो कशामुळे, तर एक ऑक्सिजन कुठे बसलाय यामुळे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजनला हायड्रोजन थेट चिकटलेला आहे. ऑक्सिजन त्या बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे इतके ओढतो की हायड्रोजन उघडा पडतो आणि शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनकडे खेचला जातो. हे हायड्रोजन बंध तोडल्याशिवाय रेणूंना एकमेकांपासून सुटता येत नाही. ईथरमध्ये सगळे हायड्रोजन कार्बनला लागलेले आहेत आणि कार्बन इतकं ओढत नाही. बघा, पहिल्याच आठवड्यात आपण इलेक्ट्रॉन कुठे जास्त आणि कुठे कमी यावर येऊन पोचलो.

एकाच रेणुसूत्राच्या अशा वेगवेगळ्या रचनांना समघटक म्हणतात, वर्गात आम्ही सरळ आयसोमर म्हणतो. चार कार्बनच्या अल्केनचे (म्हणजे फक्त कार्बन-हायड्रोजनच्या, सगळे बंध एकेरी असलेल्या साखळीचे) दोन आयसोमर होतात, पाच कार्बनचे तीन, दहा कार्बनचे ७५. वीस कार्बनपर्यंत गेलात तर संख्या ३,६६,३१९ होते. हा आकडा मी मुद्दाम सांगते, कारण रेणू एकेक करून शिकायचा विचार तिथेच सोडून द्यावा लागतो. कार्बनलाच हे का जमतं याचं उत्तर थोडक्यात असं: कार्बन-कार्बन बंध बळकट आहे, तोडायला मोलमागे सुमारे ३४७ किलोज्यूल लागतात. सिलिकॉन-सिलिकॉनला सुमारे २२६ पुरतात. शिवाय सिलिकॉनचा ऑक्सिजनशी होणारा बंध याच्या जवळजवळ दुप्पट मजबूत असतो, त्यामुळे ऑक्सिजन दिसला की सिलिकॉनची साखळी टिकायला तयार नसते. कार्बनची साखळी टिकते.

व्होलरने १८२८ मध्ये अमोनियम सायनेटपासून युरिया केला, ही गोष्ट प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर असते, म्हणून मी तिच्यावर वेळ घालवत नाही. फक्त एक लक्षात घ्या: तिथेही अणू तेच राहिले, मांडणी बदलली.

मांडणी म्हटलं की आकार आला, आणि इथे मात्र मला थांबावंसं वाटतं. हॉफमनच्या त्या मॉडेलांत कार्बनचे चार बंध सपाट होते, कागदावर काढतो तसे. १८७४ मध्ये व्हांट हॉफ नावाच्या २२ वर्षांच्या मुलाने म्हटलं की ते सपाट नसावेत, चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे रोखलेले असावेत. त्याच वर्षी ल बेल यांनीही स्वतंत्रपणे तेच म्हटलं. कसं ओळखलं असेल? यातला युक्तिवाद मी मुलांकडूनच करून घेते. डायक्लोरोमिथेन घ्या: एक कार्बन, दोन हायड्रोजन, दोन क्लोरीन. कागदावर चौकोनी कार्बन काढलात तर दोन क्लोरीन शेजारी बसवता येतात किंवा समोरासमोर. म्हणजे दोन वेगळे पदार्थ मिळायला हवेत. प्रत्यक्षात डायक्लोरोमिथेन एकच मिळतं. आता मॉडेलमधला काळा गोळा घ्या आणि कोणत्याही दोन भोकांत क्लोरीन बसवा. कसंही बसवलंत तरी फिरवून बघितल्यावर रेणू तोच. किती पदार्थ मिळतात एवढं मोजून, डोळ्यांनी कधीच न दिसलेल्या वस्तूचा आकार माणसाने सांगितला! कोल्बे यांच्यासारख्या नामवंत रसायनशास्त्रज्ञाने १८७७ मध्ये या कल्पनेची जाहीर टवाळी केली. १९०१ मध्ये रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल व्हांट हॉफ यांना मिळालं, ते दुसऱ्या कामासाठी, पण चतुष्फलक कार्बन तोवर सगळ्यांनी मान्य केलेला होता.

आता विद्युतऋणतेचे, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन अणू स्वतःकडे किती ओढतो त्याचे, थोडे आकडे. हायड्रोजन २.२०, कार्बन २.५५, ब्रोमीन २.९६, नायट्रोजन ३.०४, क्लोरीन ३.१६, ऑक्सिजन ३.४४. हे मात्र पाठ करा, निदान त्यांचा क्रम तरी. कार्बन आणि हायड्रोजन यांच्यात फरक इतका कमी आहे की त्यांच्या बंधात इलेक्ट्रॉन जवळजवळ मधोमध राहतात. म्हणून अल्केन सुस्त असतात. त्यांच्यात कोणाला जाऊन धडकावं अशी जागाच नसते. साखळीत ऑक्सिजन, नायट्रोजन, हॅलोजन आला किंवा दुहेरी बंध आला की समतोल बिघडतो. क्रियात्मक गट म्हणजे ही बिघडलेली जागा. दहा कार्बनच्या अल्कोहोलला आणि दोन कार्बनच्या अल्कोहोलला एकाच प्रकारच्या रिॲक्शन का असतात, हे यातून आपोआप कळतं. बाकीची साखळी बहुतांशी बघ्याची भूमिका घेते.

दुसऱ्या आठवड्यात मी तांबडा खडू काढते. तो फक्त बाणांसाठी. पांढऱ्या खडूने ब्रोमोमिथेन आणि हायड्रॉक्साइड आयन काढते आणि विचारते, इथे इलेक्ट्रॉन जास्त कोणाकडे? हायड्रॉक्साइडच्या ऑक्सिजनवर एकाकी जोड्या, म्हणजे बंधात न गुंतलेल्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या, आहेत, वर ऋण भार आहे. कमी कोणाकडे? ब्रोमीनने स्वतःकडे ओढल्यामुळे ब्रोमोमिथेनमधल्या कार्बनकडे. मग तांबडा बाण ऑक्सिजनवरच्या जोडीतून निघतो आणि कार्बनवर पोचतो. पण कार्बनला पाच बंध चालत नाहीत. म्हणून दुसरा बाण त्याच वेळी कार्बन-ब्रोमीन बंधातून निघतो आणि ब्रोमीनवर जातो. ब्रोमाइड बाहेर, मिथेनॉल तयार. इलेक्ट्रॉन देणारा तो न्यूक्लिओफाइल, घेणारा तो इलेक्ट्रोफाइल. ही नावं इनगोल्ड यांनी रूढ केली.

बाण काढताना मुलांचं हटकून चुकतं ते इथे. बाण धन भारापासून निघालेला असतो, जणू काही हायड्रोजन आयनच उडी मारून निघाला आहे. तसं काढायचं नाही. बाण निघतो तो इलेक्ट्रॉनपासून: एकाकी जोडीतून नाहीतर बंधातून. कितीही घाई असली तरी बाणाची शेपटी कशावर ठेवली आहे ते आधी तपासा. दुसरं म्हणजे एकाकी जोड्या काढायचा कंटाळा. ऑक्सिजनवर चार ठिपके काढायला किती वेळ लागतो? ते न काढल्यामुळे बाण कुठून सुरू करावा हेच कळत नाही आणि सगळं गणित अंधारात होतं. तिसरं, कार्बनला पाच बंध. प्रत्येक पायरीनंतर प्रत्येक कार्बनचे बंध मोजायची सवय लावून घ्या, महिनाभरात ती हातात बसते.

ब्रोमोमिथेनकडे परत येऊ. हायड्रॉक्साइडची संहती दुप्पट केली की या रिॲक्शनचा वेग दुप्पट होतो. म्हणजे ज्या पायरीला वेळ लागतो तिच्यात हायड्रॉक्साइडचा सहभाग आहे. आता कार्बनवरच्या तिन्ही हायड्रोजनांच्या जागी मिथाइल गट (एक कार्बन, त्यावर तीन हायड्रोजन) बसवा. हा टर्शरी ब्युटाइल ब्रोमाइड. पाणी मिसळलेल्या द्रावकात, हायड्रॉक्साइड विरळ असताना त्याची संहती वाढवून बघितली तर वेग तसाच राहतो. मॉडेल हातात घ्या म्हणजे कारण दिसेल. तीन मिथाइल गटांनी कार्बनची मागची बाजू झाकून टाकली आहे, तिथे कोणाला शिरकावच नाही. म्हणून ब्रोमाइड आधी आपणहून सुटतो, मागे धन भाराचा कार्बोकॅटायन उरतो आणि मग पाणी किंवा हायड्रॉक्साइड, जो भेटेल तो, त्याला जोडला जातो. सुटण्याची पायरी सगळ्यात सावकाश, आणि तिच्यात हायड्रॉक्साइडचं काही कामच नाही. पुस्तकात ब्रोमोमिथेनच्या रिॲक्शनचं नाव एसएन२ आणि या दुसरीचं एसएन१. दोन रकान्यांचा तक्ता पाठ करणारी मुलं मी खूप पाहते. ज्यांनी दोन्ही रेणू हाताने बनवून फिरवून पाहिले त्यांना तक्ता लागत नाही.

कार्बोकॅटायन समजला की मार्कोव्हनिकॉव्ह सोपा आहे. प्रोपीनमध्ये तीन कार्बन, पहिल्या दोघांत दुहेरी बंध. त्यात हायड्रोजन ब्रोमाइड घातलं. मार्कोव्हनिकॉव्ह सांगतात की ज्या कार्बनवर हायड्रोजन आधीच जास्त आहेत, नवा हायड्रोजन तिथेच जातो. पाठ करायला छान आहे, पण का? दुहेरी बंधात इलेक्ट्रॉन जास्त, म्हणून बाण तिथून निघतो आणि हायड्रोजनवर जातो. हायड्रोजन टोकाच्या कार्बनला लागला तर धन भार मधल्या कार्बनवर येतो, त्याला दोन्ही बाजूंनी कार्बनचा आधार. मधल्याला लागला तर भार टोकावर येतो, तिथे आधार एकाच बाजूचा. शेजारच्या कार्बन गटांकडून थोडे इलेक्ट्रॉन सरकतात आणि धन भार सौम्य होतो. म्हणून भार मधे असलेला कार्बोकॅटायन सहज बनतो. ब्रोमाइड मग तिथेच जाऊन बसतो. मिळालं २-ब्रोमोप्रोपेन.

याच्यापुढची गोष्ट मला फार आवडते. खराश आणि मेयो यांनी १९३३ मध्ये दाखवलं की मिश्रणात पेरॉक्साइड असेल तर हायड्रोजन ब्रोमाइड उलट्या बाजूने जोडलं जातं आणि १-ब्रोमोप्रोपेन मिळतं. पुस्तकात याला प्रति-मार्कोव्हनिकॉव्ह म्हणतात आणि मुलं तो अपवाद म्हणून वेगळ्या चौकटीत लिहितात. पण पेरॉक्साइडमुळे रेणूत पहिला कोण शिरतो ते बघा. आता हायड्रोजनच्या आधी ब्रोमीनचा अणू येतो, एका सुट्या इलेक्ट्रॉनसकट. तोही टोकाच्या कार्बनलाच चिकटतो, आणि सुटा इलेक्ट्रॉन मधल्या कार्बनवर राहतो, कारण त्या उणिवेलाही मधेच जास्त आधार आहे. हायड्रोजन नंतर मधे येतो. म्हणजे दोन्ही वेळा पहिला येणारा टोकाला गेला आणि अस्थिर जागा मधल्या कार्बनवर आली. पहिला येणारा बदलला म्हणून पदार्थ बदलला, नियम तोच राहिला. वर्गात हे सांगताना कोणाचा तरी चेहरा एकदम उजळतो, तेव्हा या विषयाची शिक्षक झाल्याचा मला फार आनंद होतो.

आम्लांकडेही याच नजरेने बघा. पीकेए हा आम्लाची तीव्रता सांगणारा आकडा, जितका कमी तितकं आम्ल तीव्र. इथेनॉलचा पीकेए १६, फिनॉलचा १०, ॲसेटिक आम्लाचा ४.७६. एक एककाचा फरक म्हणजे दहा पट, म्हणजे ॲसेटिक आम्ल इथेनॉलपेक्षा दहा हजार कोटी पटींहूनही जास्त तीव्र! तिघांतही प्रोटॉन सुटतो तो ऑक्सिजनवरूनच. मग फरक कशाचा? प्रोटॉन गेल्यावर मागे उरलेल्या ऋण भाराला किती जागा मिळते याचा. इथेनॉलमध्ये तो एकाच ऑक्सिजनवर अडकतो. फिनॉलमध्ये बेंझिनच्या कड्यात पसरतो, पण तिथे कार्बन आहेत, त्यांना ऋण भार फारसा मानवत नाही. ॲसेटेटमध्ये तो दोन ऑक्सिजनांत सारखा वाटला जातो. तांबड्या खडूने बाण काढून दाखवता येतं. रेझोनन्स म्हणतात तो हाच. दोन रचनांमध्ये रेणू इकडून तिकडे उड्या मारत नसतो, हे मात्र नीट ऐका. खरा रेणू एकच असतो, दोन्ही चित्रांच्या मधला. कॅथलीन लॉन्सडेल यांनी १९२९ मध्ये क्ष-किरणांनी हेक्झामिथाइलबेंझिनचा स्फटिक तपासला तेव्हा कडं सपाट निघालं आणि त्यातल्या कार्बन-कार्बन बंधांत लांब-आखूड असा भेद सापडला नाही. बेंझिनमध्ये तो बंध सुमारे १३९ पिकोमीटर असतो. एकेरी बंध १५४ चा आणि दुहेरी १३४ चा असतो, हा त्या दोघांच्या मधे येतो.

नामकरणाबद्दल विचाराल तर ते शिकायला हवंच, पण सुरुवातीचे आठवडे त्यात घालवू नका. साखळी मोजता येणं, गट ओळखता येणं, एवढ्यावर काम भागतं. बाकीचं वापरता वापरता येतं. आणि वही कोरी ठेवू नका. सेंद्रिय रसायनशास्त्र नुसतं वाचून येत नाही. पुस्तकातली मेकॅनिझम, म्हणजे रिॲक्शनच्या बाणांसकट पायऱ्या, झाकायची, फक्त सुरुवातीचे रेणू बघायचे आणि बाण स्वतः काढायचे. अडलात तर एक बाण उघडून बघायचा, पुन्हा झाकायचं.

आज रात्री करायला एक प्रश्न देते. ब्युटॅनॉइक आम्लाचा पीकेए सुमारे ४.८ आहे. त्याच्या दुसऱ्या कार्बनवर क्लोरीन बसवला तर तो २.९ होतो, तिसऱ्यावर बसवला तर ४.१, चौथ्यावर ४.५. चारही रेणू काढा, प्रोटॉन गेल्यावर ऋण भार कुठे बसतो ते दाखवा, क्लोरीन त्या जागेपासून किती बंध लांब आहे ते मोजा, आणि आकडे असेच का उतरले ते आपल्या शब्दांत चार ओळींत लिहा.